जुन्या अमेरिकन डिटेक्टिव्ह कादंबऱ्या ई-बुकात स्वस्त मिळाल्यात, कुठून सुरुवात करू?

पानगळ | रविवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. परवा झोप येईना म्हणून ई-बुकांच्या एका दुकानात चाळत बसले होते. तिथे जुन्या अमेरिकन रहस्यकथांवर भरघोस सूट दिसली. डॅशिएल हॅमेटची 'रेड हार्वेस्ट' आणि 'द माल्टीज फाल्कन' प्रत्येकी ४९ रुपये, रेमंड चँडलरची 'द बिग स्लीप' ७९ रुपये, शिवाय 'समग्र चँडलर' असा एक गठ्ठा चक्क २९ रुपयांना! पहिल्या तिन्ही घेऊन टाकल्या. गठ्ठा अजून कार्टमध्ये आहे.

शाळेत असल्यापासून शेरलॉक होम्स आणि अगाथा ख्रिस्ती वाचत आलेय. हा प्रकार मात्र पहिल्यांदाच हातात घेतला. 'बिग स्लीप'ची चाळीसेक पानं झाली. कोण कुणाचा कोण, कुणी कुणाला का धमकावतोय, काही पत्ता लागत नाहीये. तरी पुस्तक खाली ठेववत नाही. म्हाताऱ्या जनरलच्या त्या दमट काचघरातला प्रसंग दोनदा वाचला.

तर जाणकारांनो, कुठलं आधी वाचू? गठ्ठा घेऊ का? आणखी काही स्वस्तात दिसलं तर काय सोडू नये?

रात्रपाळी | रविवार, रात्री ११:५८

रुमाल टाकून ठेवतोय, उद्या सविस्तर लिहितो. तोवर एकच सांगणं, गठ्ठा घेऊ नका.

पानगळ | सोमवार, रात्री १२:०३

का हो? २९ रुपयेच तर आहेत.

रात्रपाळी | सोमवार, सकाळी ८:१५

ड्यूटी संपली, आता लिहितो.

असे दोन गठ्ठे मी घेतले होते. छापील पुस्तक स्कॅन करायचं, मशीनकडून अक्षरं ओळखून घ्यायची आणि तपासल्याशिवाय तसंच विकायला ठेवायचं, असं त्यांचं काम होतं. इंग्रजी 'एल' अक्षराच्या जागी एकचा आकडा, 'आर' आणि 'एन' जोडून आले की त्याचा झालेला 'एम', पानाच्या डोक्यावरचा मथळा मध्येच वाक्यात घुसलेला. हे एक वेळ सोसेन. पण दुसऱ्या गठ्ठ्यात संवादांची अवतरणचिन्हंच गळली होती. या कादंबऱ्यांत निम्मी मजा संवादांची. दोन माणसं एकमेकांना जोखत तुटक तुटक बोलतात, 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' फारसं कुठे नसतं. चिन्हं गेली की बोलतंय कोण तेच कळत नाही. एक अख्खा प्रसंग मी उलटा वाचला, डिटेक्टिव्हचं बोलणं गुंडाच्या तोंडी घालून.

त्यामुळे माझी सवय सांगतो. आधी फुकटचा नमुना उतरवून घ्यायचा. पहिलं पान सगळेच नीट करतात, म्हणून नमुन्याचा शेवट वाचायचा. अनुक्रमणिकेवर बोट ठेवून प्रकरण उघडतंय का बघायचं. प्रकाशकाचं नाव आणि आवृत्तीचं साल दिलेलं नसेल तर पुढे जायचं.

मृण्मयी_वाचते | सोमवार, सकाळी ९:४०

रात्रपाळी, अगदी अगदी. गठ्ठ्याबद्दल आणखी एक. चँडलरने 'बिग स्लीप' (१९३९) लिहिताना स्वतःच्याच जुन्या कथा मोडून त्यांचे वासे नव्या घराला वापरले. मुख्यतः 'किलर इन द रेन' (१९३५) आणि 'द कर्टन' (१९३६) या दोन. त्या कथा आधी वाचल्या तर कादंबरीतल्या वळणांवर 'अरे, हे तर वाचलंय' होतं. तो हयात असताना मोडीत काढलेल्या या कथा त्याने पुस्तकात येऊ दिल्या नाहीत. गठ्ठेवाले मात्र नेमक्या त्याच सर्वात पुढे घालतात.

पानगळ, कोण कुणाचा कोण ते कळत नाही म्हणून अडून बसू नकोस. यात एका ड्रायव्हरचा मृत्यू येतो. सिनेमा करताना हॉवर्ड हॉक्सच्या मंडळींना प्रश्न पडला की त्याला मारलं कुणी. थेट चँडलरला विचारलं, तर तोही म्हणाला, मला माहीत नाही. दोन कथा एकत्र शिवताना राहून गेलेला टाका आहे तो.

आबा_देवळालीकर | सोमवार, दुपारी १:२०

मी रेल्वेत होतो. फलाटावरच्या व्हीलरच्या स्टॉलवर जेम्स हॅडली चेसची पुस्तकं ओळीने लटकलेली असायची. रात्रीच्या ड्यूटीत एक पुरायचं. हा चेस अमेरिकेत राहिलेला नाही, पक्का इंग्रज. अमेरिकन बोलीचा शब्दकोश आणि नकाशे समोर ठेवून त्याने १९३९ साली 'नो ऑर्किड्स फॉर मिस ब्लँडिश' लिहिलं. आम्हाला ते सगळं खरंखुरं अमेरिकाच वाटायचं.

त्याच्याही आधी आमच्या घरात बाबूराव अर्नाळकर. झुंजार आणि काळा पहाड यांच्यावरून आम्हा भावंडांची मारामारी व्हायची. लायब्ररीचं पुस्तक एका दिवसात परत द्यायचं असे, म्हणून एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं.

पानगळताई, ४९ रुपयांत मिळालं म्हणून हे साहित्य हलकं समजू नका. ते जन्मलंच स्वस्तात. लाकडाच्या लगद्याचा सर्वात हलका कागद वापरायचे म्हणून त्या मासिकांना 'पल्प' नाव पडलं. 'ब्लॅक मास्क' १९२० साली मेंकन आणि नेथन या दोघांनी काढलं ते 'द स्मार्ट सेट' या त्यांच्या उच्चभ्रू साहित्यिक मासिकाचा तोटा भरून काढायला. थोड्याच काळात विकूनही टाकलं. आज आपण इथे चर्चा करतोय ती त्या पोटापाण्यासाठी काढलेल्या मासिकातल्या लेखकांची.

टिंबटिंब | सोमवार, दुपारी ३:०५

आबा, तुमच्या प्रतिसादासाठी धागा वाचनखुणेत साठवला.

अवांतर: या प्रकाराला इंग्रजीत 'हार्ड-बॉइल्ड' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं? कडक उकडलेला गुप्तहेर?

कोल्हापुरी_रस्सा | सोमवार, दुपारी ३:२२

'टणक'.

चिंचेचं_झाड | सोमवार, दुपारी ३:३०

'निर्ढावलेला' नको. त्यात लाज सोडल्याचा अर्थ येतो. हे लोक तर एक लाज जपून असतात, सगळं शहर विकलं गेलं तरी.

टिंबटिंब | सोमवार, दुपारी ३:४१

निबर! भेंडी निबर होते तसा.

कोल्हापुरी_रस्सा | सोमवार, दुपारी ३:४४

'निबर' एकदम फिट बसतोय भावा. वरून चिवट, आत बी शाबूत.

मृण्मयी_वाचते | सोमवार, संध्याकाळी ६:१०

'निबर' मलाही पटला, पुढे तोच वापरते.

आता मूळ प्रश्नाकडे. माझं मत, हॅमेट आधी. त्यातही 'रेड हार्वेस्ट'. हा माणूस १९१५ पासून पिंकर्टन डिटेक्टिव्ह एजन्सीत नोकरीला होता. पाळत ठेवणं, माणसं शोधणं, ताटकळणं हे त्याने स्वतः केलेलं. पुढे क्षयाने छाती पोखरली, नोकरी झेपेना, तेव्हा लिहायला बसला. त्याचा कॉन्टिनेन्टल ऑप (म्हणजे कॉन्टिनेन्टल एजन्सीचा डिटेक्टिव्ह) १९२३ पासून 'ब्लॅक मास्क'मध्ये येऊ लागला. बुटका, जाडसर, चाळिशीकडे झुकलेला नोकरदार, ज्याला नावसुद्धा नाही. आजचं काम संपवून हापिसात रिपोर्ट द्यायचा ही त्याची चिंता.

'रेड हार्वेस्ट' (१९२९) खाणकामगारांच्या गावात घडते. संप मोडायला मालकाने गुंड आणले आणि गुंडांनी गावच बळकावलं. त्यामागे माँटाना राज्यातल्या बट शहराची सावली आहे. तिथे १९१७ साली फ्रँक लिटल या कामगार पुढाऱ्याला रात्री खोलीतून ओढून नेऊन पुलाला फाशी दिलं होतं. हे माहीत असेल तर कादंबरीतल्या प्रेतांचा अर्थ बदलतो. ख्रिस्तीच्या गोष्टीत खुनी सापडला की गाव पूर्ववत होतं. इथे पूर्ववत व्हायला आधीचं धड काही नव्हतंच.

रात्रपाळी | सोमवार, रात्री ९:३०

इथे मी सहमत नाही. 'रेड हार्वेस्ट'मध्ये इतकी माणसं मरतात की नवीन वाचक बधिर होतो. सुरुवात 'माल्टीज फाल्कन'ने करावी (आधी मासिकात, १९३० साली पुस्तक).

त्यातला एकच प्रसंग सांगतो, दुसऱ्या प्रकरणातला आहे, रहस्य फुटत नाही. मध्यरात्री फोन वाजतो. सॅम स्पेड या डिटेक्टिव्हला कळतं की त्याचा भागीदार मारला गेला. फोन ठेवल्यावर हॅमेट काय लिहितो? स्पेड सिगारेट वळतो. कागद कसा धरला, तंबाखू कशी पसरली, कुठल्या बोटाने कड दाबली, जिभेने कशी ओली केली, सगळं. दुःख झालं की नाही, राग आला की सुटका वाटली, अक्षर नाही. अख्ख्या कादंबरीत लेखक कुणाच्याच मनात शिरत नाही. चेहरे, हात, डोळे दाखवतो आणि बाकी आपल्यावर सोडतो. पहिल्यांदा वाचताना मला तो लेखकाचा कोरडेपणा वाटला. वडील गेल्यावर पुन्हा वाचलं. त्या रात्री हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून मी किल्ल्यांचा जुडगा एकेक किल्ली मोजत फिरवत होतो. मग तो प्रसंग कळला.

चिंचेचं_झाड | सोमवार, रात्री ९:४८

रात्रपाळी, हे वाचून जरा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

सनीवेलकर | मंगळवार, सकाळी ७:०२

सॅन फ्रान्सिस्कोत बुश स्ट्रीटला लागून बरिट स्ट्रीट नावाची छोटी बोळ आहे. तिथे भिंतीवर पितळी पाटी आहे, साधारण इथेच स्पेडच्या भागीदाराचा खून झाला अशा अर्थाची. काल्पनिक खुनाची खरी पाटी! पण सावधान, खून कुणी केला हेही त्या पाटीवर नावानिशी कोरलंय. बायको पुस्तक अर्ध्यावर टाकून माझ्यासोबत फिरायला आली होती, तिचं रहस्य त्या बोळात संपलं. तिने पुस्तक तरीही पुरं केलं आणि म्हणाली, नाव माहीत असताना शेवटचं प्रकरण जास्त लागतं.

जवळच एलिस स्ट्रीटवर जॉन्स ग्रिल आहे, १९०८ पासूनचं. स्पेड तिथे चॉप्स, भाजलेला बटाटा आणि टोमॅटोच्या चकत्या खातो, ते ताट अजून मिळतं.

कोल्हापुरी_रस्सा | मंगळवार, सकाळी ७:३०

आम्ही सगळ्या धाग्यावर स्पॉयलर लपवतोय आणि तिथे पितळेत कोरून ठेवलाय!

कलम_बहाद्दर | मंगळवार, सकाळी ११:१५

ही पुस्तकं अचानक स्वस्त का झाली ते कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो. चँडलर मार्च १९५९ मध्ये गेला, म्हणजे २०१९ संपलं तेव्हा त्याचा हक्क इथे संपला. हॅमेट जानेवारी १९६१ मध्ये गेला, त्याचा २०२१ अखेर. त्यानंतर भारतात कुणीही ती छापू शकतो. त्यातून काही चांगल्या आवृत्त्या आल्या आणि रात्रपाळींनी सांगितलेले गठ्ठेही.

अमेरिकेत हिशेब वेगळा. त्या काळच्या पुस्तकांना, हक्काचं नूतनीकरण झालं असेल तर, प्रकाशनापासून ९५ वर्षं. म्हणून 'रेड हार्वेस्ट' तिथे १ जानेवारी २०२५ ला खुली झाली, 'फाल्कन' १ जानेवारी २०२६ ला. 'बिग स्लीप'ला २०३५ उजाडेल. ब्रिटनमध्ये मृत्यूनंतर ७० वर्षं, म्हणजे तिथे दोघेही अजून बंद. सनीवेलकर आणि इतर परदेशस्थांनी आपापल्या देशाचा नियम बघावा.

'रेड हार्वेस्ट' 'स्टँडर्ड ई-बुक्स'वर फुकट आहे. ती मंडळी स्वयंसेवक आहेत, एकेक विरामचिन्ह तपासतात. ४९ रुपये देण्याआधी तिथे बघत जा. मात्र आधुनिक आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा यांचा हक्क वेगळा असतो, त्या कुठेही चढवू नका. आणि जेम्स केन (मृत्यू १९७७), रॉस मॅकडोनाल्ड (१९८३), चेस्टर हाइम्स (१९८४) यांचे हक्क भारतात शाबूत आहेत. त्यांची फुकट फाइल कुठे दिसली तर ती चोरीची.

पानगळ | मंगळवार, दुपारी १२:४०

बाप रे, किती माहिती! म्हणजे केनला सूट नव्हती त्याचं कारण हे होतं तर. गठ्ठा कार्टमधून काढला.

निशा_दातार_नव्हे | मंगळवार, दुपारी ४:२५

कौतुकात एक सूर वेगळा लावते. मी चँडलर दोन पुस्तकांनंतर सोडला. वाक्यं सुंदर आहेत, नाकारत नाही. पण 'फेअरवेल, माय लव्हली'च्या (१९४०) सुरुवातीलाच लॉस एंजेलिसच्या काळ्या वस्तीतल्या बारमध्ये एका काळ्या माणसाचा खून होतो आणि पोलिसांसकट कुणालाच त्याचं काही वाटत नाही. कथासुद्धा त्याला तिथेच सोडून गोऱ्या बाईच्या शोधात निघून जाते. शिवाय बायका बहुतेक एकतर विषारी नाहीतर वाचवून घ्यायला. 'त्या काळचं आहे' हे उत्तर मला पुरत नाही, कारण तो मृत माणूस वाचताना माझ्या आजच्या काळात मरतो.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १०:०५

निशाताई, तो खून मला दुसऱ्या वाचनात दिसला. पहिल्यांदा मीही कथेबरोबर पुढे निघून गेलो होतो. पोलिसांची बेपर्वाई चँडलरने मुद्दाम दाखवली आहे असं मी मानतो, पण तुम्ही म्हणता तसा कथेनेही त्याला मागे सोडलं, हे खरं.

तुम्ही चेस्टर हाइम्स वाचा. काळा लेखक, तरुणपणी ओहायोच्या तुरुंगात होता, लिहायलाही तिथेच लागला. अमेरिकेत त्याला विचारत नव्हतं कुणी. पॅरिसला गेला, तिथे मार्सेल ड्युआमेल या संपादकाने 'सेरी न्वार' मालेसाठी डिटेक्टिव्ह कादंबरी लिहायला लावली. न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या वस्तीतले दोन काळे पोलीस, कॉफिन एड आणि ग्रेव्ह डिगर जोन्स. पहिल्या कादंबरीच्या फ्रेंच आवृत्तीला १९५८ साली तिथला रहस्यकथांचा मोठा पुरस्कार मिळाला. चँडलर ज्या बारमधून निघून गेला, हाइम्स त्याच बारमध्ये बसून लिहितो.

मृण्मयी_वाचते | मंगळवार, रात्री १०:४०

आणि डोरोथी ह्यूज, 'इन अ लोनली प्लेस' (१९४७). बायकांना मारणाऱ्या माणसाच्या डोक्यात बसून लिहिलेली. त्याला वाटतं तो सगळ्यांना फसवतोय, आणि दोन बायका त्याला शांतपणे ओळखून असतात. निशा, तू म्हणतेस त्या विषारी बाईच्या साच्याला आतून सुरुंग लावलाय तिने. सूट असो नसो, ही घेच.

टिंबटिंब | बुधवार, सकाळी १०:२०

एक शंका. जुनी बोली डोक्यावरून जाते. फोनवर शब्द दाबला की अर्थ येतो, पण कधी कधी तो वाक्यात बसत नाही. 'फाल्कन'मध्ये 'गन्सेल' आलाय, कोश म्हणतो 'बंदूकधारी गुंड'. बरोबर ना?

मृण्मयी_वाचते | बुधवार, सकाळी ११:००

टिंब्या, काय शब्द निवडलास! हॅमेटचा संपादक जोसेफ शॉ अश्लील शब्द कापायचा. हॅमेटने 'गन्सेल' लिहिला, शॉला वाटलं बंदुकीशी संबंधित असेल, जाऊ दिला. मूळ शब्द यिडिशमधून (पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतून) आलेला, अर्थ हंसाचं पिल्लू. तुरुंगातल्या आणि भटक्यांच्या बोलीत मोठ्या पुरुषाने जवळ ठेवलेला पोरगा. पुढच्या लेखकांनीही बंदूकवाला समजूनच वापरला आणि शेवटी कोशातही तोच अर्थ बसला. स्पेड तो शब्द कुणाविषयी आणि कुणासमोर उच्चारतो ते आता परत वाच.

टिंबटिंब | बुधवार, सकाळी ११:२६

परत वाचलं. सगळा प्रसंगच बदलला!

पानगळ | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ११:१०

धागा वर काढतेय, सगळ्यांना हिशेब द्यायचा होता.

'बिग स्लीप' बाजूला ठेवून आधी 'फाल्कन' वाचली. सिगारेटच्या प्रसंगाला थांबले, रात्रपाळी, तुमची आठवण आली. मग 'रेड हार्वेस्ट', मग परत 'बिग स्लीप', या वेळी एका दमात. मृण्मयी, तू म्हणालीस ते खरं, पण माझ्यासाठी क्रम उलटा बरा पडला. एका माणसाच्या बंद चेहऱ्याची सवय झाल्यावर अख्खं बंद शहर झेपलं. आता मागे वळून बघते तर कुठल्याच पुस्तकातलं कोडं नीट आठवत नाही. आठवतात त्या खोल्या, पाऊस, आणि बोलताना कोण आधी नजर वळवतं ते. ख्रिस्तीची मी शेवटची दहा पानं आधी चाळायचे. इथे तसं एकदाही करावंसं वाटलं नाही.

'इन अ लोनली प्लेस' पूर्ण किमतीला घेतली. हाइम्सचा नमुना उतरवलाय, शेवटापर्यंत तपासला, नीट आहे.

आबा_देवळालीकर | रविवार, सकाळी ६:३५

माझाही हिशेब. मोतीबिंदूनंतर बारीक टाइप वाचवेना, म्हणून सहा वर्षं पुस्तक हातात धरलं नव्हतं. या धाग्यामुळे नातीला सांगितलं, तिने कलमबहाद्दरांनी लिहिलेली फुकटची 'रेड हार्वेस्ट' टॅबमध्ये घालून दिली आणि अक्षर बोराएवढं केलं. एका पानावर आठ-दहा ओळीच मावतात, सारखं बोट फिरवावं लागतं, पण दिसतं सगळं. रात्री जाग येते तेव्हा तीन-चार पानं होतात.

गावाचं नाव पर्सनव्हिल आणि लोक त्याला पॉइझनव्हिल म्हणतात, एवढ्यावर आलोय. पुढचं कुणी सांगू नका.